उजवीकडचा डोळा

४ मार्च

चिमटे,

आधी महत्त्वाचं. मी आहे, दोन्ही पायांवर उभा आहे आणि समोर चहाचा कप आहे. आता पुढचं सावकाश वाच.

मागच्या गुरुवारी दुपारी चारला वादळ आलं आणि पावणेपाचला गेलं. एवढ्या वेळात, तुझा मामा जिथे एकोणतीस वर्षं मुख्य माळी म्हणून मिरवला, ती अख्खी बाग आडवी झाली. सरूची चौदा झाडं पडली. रोपांच्या काचघराची एक काच शिल्लक नाही. टेलिफोनचे खांब टेकडीच्या उतारावर झोपलेत आणि दोन-तीन महिने उठणार नाहीत म्हणतात. तेव्हा पत्रच. तसंही फोनवर तू माझं कधी ऐकून घेतेस?

तुला पटणार नाही, पण वारा पडल्यावर सगळं फार सुंदर होतं. तळ्याशेजारचं बाकडं शिरीषाच्या फांद्यांत जाऊन बसलं होतं, अगदी सरळ, कुणी येऊन टेकावं असं. तळ्यातली कमळाची पानं वाचनालयाच्या भिंतीला चिकटली होती. जिथे मी कधी ऊन पाहिलं नाही तिथे ऊन पडलं होतं आणि ओल्या लाकडाचा वास सगळीकडे. गावातले लोक बघायला आले आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू आवाजात बोलत राहिले.

आता तुला जे विचारायचंय ते सांगतो. तुझ्या आईच्या गुलाबावर सरू पडला. बुंधा चिरडला, मुळं वर आली. एकच फांदी सालीच्या धाग्यावर लोंबत होती. तिच्यातून अकरा डोळे निघाले. तिला जन्मभर सांगत होतो, एखादं कलम करून ठेवू. ती म्हणायची, एकच असू दे, बघायचं असेल तो येईल. ती गेल्यावर मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. तेव्हा आता जगात त्या गुलाबाचं जे काही आहे ते या अकरा डोळ्यांत आहे. फांदी कापल्यावर डोळा थांबत नाही, हे तुला सांगायला नको. बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी डोळे भरले. अवजारघरात बसून दोन दिवस तेवढंच केलं. तुला नवव्या वर्षी शिकवलं होतं तसं, देठाच्या बगलेतला कोंब सालीसकट उचलायचा, रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, आत सरकवायचा, पट्टी बांधायची.

उजवीकडचा डोळा पहिल्याच दिवशी गेला म्हणायला हरकत नाही. पट्टी बांधलीय. डावीकडच्याचं इतक्यात काही सांगता येत नाही.

अक्षराला हसू नकोस. टेबलावर छप्पर आलंय, गुडघ्यावर फळी घेऊन लिहितोय.

मामा


१२ मार्च

मामा,

चहाच्या कपाचं वाक्य मी चार वेळा वाचलं आणि मगच खाली बसले. वर्तमानपत्रात तुमच्या टेकडीचं चित्र आलं होतं. मी बोट फिरवत अवजारघर शोधत होते आणि सापडत नव्हतं.

इथे काय सांगू? इथे वारा नाही. नेच्यांच्या काचघरात वर्षभर एकच ओला, हिरवा उजेड असतो. पानांच्या टोकांवरून थेंब पडतात तेवढाच आवाज. कधी कधी दुपारी मला कळत नाही की मी किती वेळ उभी आहे. परवा तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होते आणि वाटलं, एक झुळूक तरी यावी, म्हणजे मला तुमच्याकडचं खरं वाटेल.

आता कामाचं. डोळा पहिल्या दिवशी जात नसतो. तूच शिकवलंस आणि तूच विसरलास? दहा दिवस थांब, देठाला बोट लाव. अलगद गळला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर गेला. पट्टी करकचून बांधायची तुझी जुनी खोड आहे, ती जरा सैल कर. आत पाणी जाऊ देऊ नकोस. आणि हे उजवा-डावा काय काढलंस? इतकी वर्षं खुंटांना आकडे घालायचास.

दोन डोळे ओल्या फडक्यात गुंडाळून मला पाठवले असतेस तर मीही इथे भरले असते. पण तुझा स्वतःच्या हातापलीकडे कुणावर विश्वास कधी होता?

एक बातमी आहे. नेच्यांच्या काचघराची प्रमुख म्हणून मला घेतायत. एक मेपासून. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिकडे हातांची गरज असेल तर तसं लिही, मी सगळं सोडून येते. आईचा गुलाब वाचला पाहिजे मामा. मला तिचा चेहरासुद्धा आता फोटोतलाच आठवतो. तो गुलाब मात्र फोटोशिवाय आठवतो.

चिमटी


२० मार्च

चिमटे,

प्रमुखबाई, हो म्हणून टाक. मी बागेच्या पाण्याच्या पंपावरच्या माणसापासून वाचनालयाच्या बाईंपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झालोय, आता माझं नाक कापू नकोस. इथे हात पुष्कळ आहेत. लोक करवती घेऊन आपणहून येतात. पंपवाले तर त्यांच्याशिवाय टेकडी उभी राहणार नाही अशा थाटात हिंडतात.

तुझा सल्ला बरोबर निघाला. पट्टी सैल केली. इथल्या जाणत्या माणसानेही तेच सांगितलं, पाणी लागू द्यायचं नाही म्हणाला.

देठांना बोट लावून पाहिलं. आठ चिकटून बसले. तीन गळले. तेव्हा तीन आहेत, तिसरा, सातवा आणि दहावा. घे, आकडे घातले.

उजवीकडचा मात्र काढून टाकावा लागला. ठेवण्यात अर्थ नव्हता, आत पू झाला होता, डावीकडच्यालाही बाधला असता. इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं.

हल्ली मला जुनी बाग जास्त दिसते. सकाळी बाहेर येतो आणि सरूची रांग जागच्या जागी उभी असते, त्यांच्या सावल्या पायऱ्यांवर पडलेल्या असतात, तळ्याशी बाकडं असतं. मी बाकड्याकडे चालत जातो आणि ते तिथे नसतं. मग पंपवाले हाक मारतात आणि कोपराला धरून वळवतात. त्यात वाईट वाटावं असं काही नाही. चौदा झाडं पडली तरी कुठे जायला तयार नाहीत, एवढंच.

मामा


२९ मार्च

मामा,

हो म्हटलं. सही केली. आता खूश?

एका डोळ्यासाठी इतकं जिवाला लावून घ्यायचं नाही. तीन आहेत ना अजून? तू पन्नास वर्षांत हजारो भरले असशील, त्यातले किती गेले म्हणून रडत बसलास? उजवीकडचा गेला तर गेला. डावीकडच्याकडे नीट लक्ष दे म्हणजे झालं. पण एक कळलं नाही. गुलाबाच्या डोळ्यात पू कुठून आला? बुरशी म्हणायचंय का तुला? हल्ली शब्दसुद्धा भलतेच वापरायला लागलास.

आणि तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. तिसऱ्या पानावर तर दोन ओळी एकाच जागी लिहिल्यास. मला वाचायला अख्खी जेवणाची सुट्टी लागली. फळी नीट धरत जा.

काल मला स्वप्न पडलं. वादळ आमच्या काचघरात आलंय आणि काही मोडत नाही. नुसते नेचे झुलतायत आणि आई मधल्या वाटेवरून चालत येते. तिच्या हातात कात्री आहे. ती मला विचारते, ‘मामा जेवला का?’ मी उत्तर देते ते मला ऐकू येत नाही. जागी झाले तर उशी ओली होती. तू जेवतोस ना वेळेवर?

चिमटी


८ एप्रिल

चिमटे,

थोडक्यात लिहितो. सातवा आणि दहावा गेले. तिसऱ्याला फुटवा आलाय. रोज सकाळी त्याच्याजवळ बसतो आणि बोटाने बघतो. करंगळीच्या नखाएवढा होता, आता पेरभर आहे. कोवळा आहे, लालसर असणार.

डावीकडच्यावर सोमवारी सुरी चालणार. माझा हात नाही, शिकलेला माणूस आहे. चांगलं होईल म्हणतो.

जेवतो. पंपवाल्यांच्या घरून डबा येतो. त्यात काय आहे ते मी वासावरून ओळखतो आणि ते खोटं सांगून मला फसवू बघतात.

तुझ्या आईला माझ्याबद्दल काही सांगू नकोस, स्वप्नात आली तरी.

मामा


१४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मला वाचता आलं नाही. एका ओळीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. आमच्या कार्यालयात आवक-जावक बघणाऱ्या एक बाई आहेत. जगातलं कुठलंही अक्षर त्यांना लागतं. मी तुझी सगळी पत्रं घेऊन त्यांच्याकडे गेले, म्हटलं, आधीच्यांवरून वळण समजेल. त्या पहिल्यापासून मोठ्याने वाचत गेल्या. मध्येच थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अहो, तुमच्या मामांच्या डोळ्याला काय झालंय?”

मी हसले. म्हटलं, डोळा म्हणजे गुलाबाचा. आमच्याकडे तसंच म्हणतात, डोळा भरला, डोळा गेला. त्या म्हणाल्या, “असेल बाई. पण गुलाबाला दुखतं का?”

मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून पुन्हा सगळं वाचलं. उजवीकडचा पहिल्याच दिवशी गेला. पट्टी बांधली. पाणी लागू द्यायचं नाही. काढून टाकावा लागला. मी तुला काय काय लिहिलं ते आठवलं. ‘गेला तर गेला.’ ‘एका डोळ्यासाठी इतकं जिवाला लावून घ्यायचं नाही.’ मी बागेत वाढले, माझ्या बोटांना बाग कळते, म्हणून मला कळलं नाही. त्या बाईंना कुंडीत कोथिंबीर लावता येत नाही, त्यांना एका वाचनात कळलं.

मला तुझा इतका राग आलाय की या पत्रात मला तो नीट मांडता येत नाही. तू मला वचन दिलं होतंस. आई दवाखान्यात असताना तू रोज म्हणायचास, होईल बरी, पुढच्या आठवड्यात घरी येईल. मी तिच्यासाठी उशी उन्हात टाकून ठेवायचे. ती आली नाही तेव्हा मी वर्षभर तुझ्याशी बोलले नाही. मग तू माझ्यासमोर जमिनीवर बसून म्हणालास, पुन्हा तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आणि आता हे.

मी येतेय. बावीस तारखेला पोचते. काचघराच्या प्रमुखपदाचं मग बघू.

चिमटी


१८ एप्रिल

(हे पत्र पंपवाला लिहितो. ते सांगतात तसं लिहिलं आहे. शुद्धलेखन माझं.)

चिमटे,

एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. पत्रं पुन्हा काढून बघ. जे घडलं तेच लिहिलं, ज्या दिवशी घडलं त्या दिवशी. आता तू ते गुलाबाचं समजलीस तर मी काय करू?

(मी म्हटलं हे बरोबर नाही. ते म्हणाले, तू लिही.)

बरं. पंपवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. मला माहीत होतं तू गुलाबाचंच समजशील. वचनही मोडायचं नव्हतं आणि तुला कळूही द्यायचं नव्हतं, म्हणून हा शहाणपणा. खोटं बोललो नाही, पण फसवलं. ते पहिल्यापेक्षा बरं नाही हे मला पटतंय.

आता सगळं सांगतो. काचघर फुटलं तेव्हा मी आतच होतो, बी पेरलेली खोकी उचलत होतो. काच उजव्या डोळ्यात गेली, तिचे बारीक कण डाव्यातही. पंपवाल्यांनी गाडी आणली होती. म्हणाले, बसा. मी म्हटलं, आधी फांदी. फांदी उद्यापर्यंत वाळली असती. मला वाटलं, माणसाचा डोळा दोन दिवस थांबेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तेव्हा डॉक्टर ओरडले. त्याच दिवशी आला असतात तर वाचला असता म्हणाले.

(इथे ते उठून दारापर्यंत जाऊन आले. मी थांबलो.)

हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. डोळा गेल्याचं एक वेळ सांगितलं असतं. पण तो तुझ्या आईच्या गुलाबापायी गेला हे ऐकून तू तुझं सगळं सोडून इथे येशील आणि माझा हात धरून बसशील, याची भीती वाटली. मी ते कुणावर उपकार म्हणून केलं नाही. मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. तुझी आई, माझी अक्का, जाताना मला काही करता आलं नव्हतं. या वेळी करण्यासारखं काहीतरी होतं.

डाव्याची पट्टी परवा सुटेल. ये. पण तुझं पद घालवून येऊ नकोस. मुदत वाढवून घे आणि ये.

मामा

(पोरी, येताना त्यांच्यासाठी पट्टीच्या चपला आण. जुनी एक वादळात गेली आणि एकच घालून हिंडतात.)


१६ मे

मामा,

पोचले. काल कामावर रुजू झाले. नेच्यांनी मला ओळखलं नाही, पण मी त्यांना ओळखलं. सगळ्यांना पाणी जास्त झालंय.

प्रवासभर डोळे मिटून बसले होते. तू मला डोळे मिटून बाग दाखवलीस ते मनातून जात नाही. हात धरून पायऱ्या मोजत नेलंस, म्हणालास, इथे सावली थंड लागते बघ. तिथे झाडच नव्हतं आणि मला सावली थंड लागली. शिरीषातल्या बाकड्याखाली थांबून आपण किती हसलो. एकवीस दिवसांत मी तुझी काहीच सेवा केली नाही, नुसती तुझ्या मागे हिंडले. डाव्या डोळ्याने तुला माझा आकार दिसतो म्हणालास तेव्हा मी विचारलं, जाड दिसते की बारीक? तू म्हणालास, भांडखोर दिसतेस. ते मी इथे सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या खुंटाचं मी बघून घेतलंय. शेवटच्या दिवशी नवी पट्टी बांधली, फुटव्याला काठीचा आधार दिला. छान चाललंय त्याचं. तू फक्त पाणी देत जा. पट्टी सोडू नकोस, चाचपू नकोस, बाकी काही करू नकोस. होईल नीट. उन्हाळा सरेपर्यंत कळी धरेल बघ.

बाई विचारत होत्या, मामा कसे आहेत. मी म्हटलं, त्यांच्या डोळ्यांबद्दल आता सगळं तुम्हालाच विचारते.

जेवत जा.

चिमटी


२ जून

चिमटे,

हे माझ्या हाताने लिहितोय. पंपवाल्यांनी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापून दिलीय. ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवायचा. त्यामुळे मागे काय लिहिलं ते दिसत नाही, पण तशी गरजही नाही.

अक्काचा गुलाब गेला. हे मी तुला आता साध्या शब्दांत सांगतो. तिसरा डोळाही जगला नव्हता. जो फुटला तो खालचा रानगुलाबाचा खुंट होता.

तू गेलीस त्या दुपारी मी फुटव्याजवळ बसलो. तोवर पानं नीट उलगडली होती. एकेक मोजलं. अक्काच्या गुलाबाला एका देठावर पाच पानं असायची, याला सात. दुसऱ्या देठावर सात. सगळीकडे सात. मग पट्टी सोडली आणि चिरेवर बोट फिरवलं. आतला डोळा कोरडा होता, केव्हाच वाळलेला. मी सुरुवातीला देठ गळला समजलो, तो माझ्याच बोटाने मोडला असणार.

मी चुकलो, दिसत नाही म्हणून. पण तुला दिसतं. तुला सात पानं दिसली नसतील असं होणार नाही. आणि तू पट्टी बांधताना श्वास रोखला होतास. मी शेजारीच बसलो होतो, तुझा श्वास थांबला ते मला ऐकू आलं. तुझ्या लहानपणापासून ऐकतोय, बांधताना तू कायम गुणगुणत असतेस.

वाळलेल्या डोळ्याला तू नवी पट्टी बांधलीस आणि मला लिहिलंस, होईल नीट. मी रागावलेलो नाही. उलट पंपवाल्यांनी ते वाचून दाखवल्यावर मी अवजारघरात बसून खूप रडलो, दोन्हीकडून. गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येतं, हे मला नवीनच कळलं. तुझी आई दवाखान्यात असताना मी तुला जे सांगत होतो तेच तू मला सांगितलंस. तेव्हा तू मला वर्षभर माफ केलं नव्हतंस. आता करशील बहुतेक.

तो गुलाब गेला म्हणून मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. मला वाटलं होतं अक्का पुन्हा जाईल. ती गेली नाही. मी बागेत फिरतो तेव्हा ती सरूच्या रांगेबरोबर असते, पडलेल्या सगळ्यांबरोबर, आणि तिला त्या एका झाडाची गरज पडत नाही. तू इथे होतीस तेव्हा मला हे सांगता आलं नाही. आपण दोघं त्या फुटव्याची काळजी घेण्यात इतके गुंतलो होतो की एकमेकांशी बोलायचं राहूनच गेलं.

रानगुलाबाला फूल आलंय. मी तो कापला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, रंग कोणता? तिघांनी पांढरा सांगितला, एकीने गुलाबी, पंपवाले म्हणाले, आहे आपला फुलाचा रंग. वास जवळजवळ नाहीच. पण मधमाश्या येतात, त्यांचा आवाज ऐकत बसायला बरं वाटतं.

चिमटे, आता तुझी पाळी. मला खरं लिही. आणि सुट्टी मिळाली की ये. या वेळी इथे वाचवायचं काही नाही, मला धरून न्यायचं नाही, कुठल्या खुंटाला बघायचं नाही. नुसतीच ये.

मामा


११ जून

मामा,

दिसली होती सात पानं. गाडीतून उतरले त्याच सकाळी. एकवीस दिवस मी तुझ्याशी खोटं बोलले आणि ते जमलं याचा मला अभिमानही वाटत होता. चुकलं.

आज रजेचा अर्ज दिला. ‘कारण’ या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. आजारपण नाही, लग्नकार्य नाही, कुणी गेलेलं नाही. शेवटी लिहिलं, ‘काही नाही.’ साहेबांनी अर्ज परत पाठवला, कारण लिहा म्हणून. मी खाली पुन्हा लिहिलं, ‘काही नाही. मामाकडे जायचं आहे.’

मंजूर झाली. अठ्ठावीसला सकाळी येते.

चिमटी